पाण्याच्या मोजमापाचा इतिहास : 'ड्यूटी'पासून जलपदचिन्हापर्यंत

प्रस्तावना :
पाणीटंचाई ही सामान्यतः नैसर्गिक आपत्ती समजली जाते. परंतु टंचाई आहे किंवा नाही, ती किती आहे आणि कोणाला आहे, याचा निर्णय मोजमापावर अवलंबून असतो. मोजमापाचे एकक बदलले की टंचाईग्रस्तांची यादीही बदलते. प्रस्तुत निबंधात पाणी मोजण्याच्या प्रमुख पद्धतींचा ऐतिहासिक आढावा घेतला असून, प्रत्येक पद्धती ही एका विशिष्ट प्रश्नाचे उत्तर होती, हे महाराष्ट्राच्या संदर्भात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

जमीन हे एकक :
ब्रिटिश काळात दख्खनमध्ये कालवे झाले, तेव्हा पाण्याचा हिशेब जमिनीच्या मापाने होऊ लागला. एका क्युसेक प्रवाहात किती एकर क्षेत्र भिजते, यास अभियंते 'ड्यूटी' म्हणत. पाणीपट्टीच्या उत्पन्नाच्या दृष्टीने हे एकक सोयीचे होते. १८८५ मध्ये सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्यावर उसाचे क्षेत्र ठरावीक भागात एकवटू लागले, तेव्हा विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी ब्लॉक पद्धती पुढे आणली. उसाला ब्लॉकमधील मर्यादित हिस्साच द्यावा आणि पाणी अधिकाधिक गावांत विभागावे, हा तिचा हेतू होता.

दुष्काळ ठरविण्यासाठी मात्र पाणी मोजलेच जात नसे. मोजले जाई ते पीक. आणेवारी आणि पुढे पैसेवारी ही पिकाच्या उताऱ्याची मापे होत. पन्नास पैशांहून कमी पैसेवारी म्हणजे टंचाई, हा निकष दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. दोन्ही मापांत जमीन व पीक असणारा दिसत होता. भूमिहीन मात्र दिसत नव्हता.

माणूस हे एकक :
१९८९ मध्ये स्वीडनच्या जलशास्त्रज्ञ मालिन फाल्केनमार्क यांनी दरडोई उपलब्धतेचा निर्देशांक मांडला. वर्षाला माणशी १,७०० घनमीटरपेक्षा कमी पाणी म्हणजे ताण, १,००० पेक्षा कमी म्हणजे टंचाई आणि ५०० पेक्षा कमी म्हणजे तीव्र टंचाई, असे हे सोपे माप जगभर स्वीकारले गेले. यात प्रथमच माणूस केंद्रस्थानी आला. परंतु हा माणूस सरासरीचा होता. कोकणातील मुसळधार पाऊस आणि मराठवाड्यातील कोरडे नदीपात्र एकाच राज्याच्या सरासरीत मिसळले की दोन्ही दिसेनासे होतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. सरासरीने झाकलेले वास्तव त्या गाडीने उघडे केले.

वस्तू हे एकक :
१९९० च्या दशकाच्या आरंभी लंडन विद्यापीठातील टोनी ॲलन यांनी 'आभासी पाणी' ही संकल्पना मांडली. पश्चिम आशियातील कोरडे देश धान्य आयात करतात, म्हणजे ते पिकविण्यासाठी लागणारे पाणीच आयात करतात, हे त्यांचे प्रतिपादन होते. या विचाराच्या आधारे नेदरलँड्सचे आर्येन हुक्स्ट्रा यांनी २००२ मध्ये 'वॉटर फूटप्रिंट' अर्थात जलपदचिन्ह ही संकल्पना मांडली. पुढे तिच्यात तीन रंगांचा हिशेब रूढ झाला. नद्या, धरणे व भूजलातील पाणी निळे. पावसाने जमिनीत मुरून पिकास मिळणारे हिरवे. आणि प्रदूषण सौम्य करण्यास लागणारे करडे.

मेकोनेन व हुक्स्ट्रा यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जागतिक सरासरीनुसार साखरपिकांचे जलपदचिन्ह टनामागे सुमारे २०० घनमीटर, तर कडधान्यांचे सुमारे ४,००० घनमीटर आहे. केवळ हे आकडे पाहिल्यास ऊस काटकसरी आणि तूर उधळी ठरते. पण टनभर उसातून साखर निघते ती साधारण त्याच्या दहाव्या हिश्शाइतकी. शिवाय महाराष्ट्रातील तूर मुख्यतः पावसावर म्हणजे हिरव्या पाण्यावर येते, तर ऊस धरणाच्या व विहिरीच्या निळ्या पाण्यावर. राज्याच्या पीकक्षेत्रात चार टक्क्यांच्या आसपास असणारा ऊस सिंचनाच्या पाण्याचा सुमारे ७० टक्के वाटा घेतो, याकडे केंद्रीय कृषी मूल्य आयोगानेही लक्ष वेधले आहे. सारांश, रंग वगळून केलेली बेरीज दिशाभूल करते.

परिणाम हे एकक :
लिटरची बेरीज पुरेशी नाही, हा आक्षेप जीवनचक्र मूल्यांकनाच्या अभ्यासकांनी घेतला. मुबलक पाण्याच्या खोऱ्यातील एक लिटर आणि आटलेल्या खोऱ्यातील एक लिटर यांचा परिणाम सारखा नसतो. २०१४ मध्ये आलेल्या 'आयएसओ १४०४६' या मानकाने परिणामाच्या मूल्यांकनास अधिष्ठान दिले. त्यानंतर विकसित झालेल्या 'अवेअर' पद्धतीत मानव व परिसंस्था यांची गरज भागल्यावर खोऱ्यात किती पाणी उरते, हे पाहून ०.१ ते १०० पर्यंतचा गुणक महिनावार दिला जातो. हुक्स्ट्रा यांनी अशा भारांकनास विरोध केला. गुणकाने गुणल्यावर पाण्याचे प्रत्यक्ष आकारमान हरवते, असे त्यांचे म्हणणे होते. हा वाद तांत्रिक वाटला, तरी 'किती वापरले' आणि 'काय बिघडले' हे दोन भिन्न प्रश्न आहेत, हे त्यातून स्पष्ट होते.

या दोन्ही प्रश्नांत 'कोणाला मिळाले' हा तिसरा प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो. त्याचे उत्तर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर सुरू केलेल्या पाणी पंचायतीत आढळते. तेथे पाणी जमिनीमागे नव्हे, तर माणशी अर्धा एकर आणि कुटुंबास कमाल अडीच एकर भिजेल इतके ठरविले गेले. उसाला मनाई होती आणि भूमिहीनालाही पाण्याचा हक्क होता. येथे मोजमाप हेच न्यायाचे साधन बनले.

समारोप :
ड्यूटी, पैसेवारी, दरडोई उपलब्धता, जलपदचिन्ह आणि टंचाईचा गुणक ही मापे एकमेकांची जागा घेणारी नाहीत, तर परस्परपूरक आहेत. किती पाणी, कोणते पाणी, कोठले पाणी आणि कोणाचे पाणी, या चारही प्रश्नांची उत्तरे एकत्र ठेवल्याशिवाय टंचाईचे आकलन पूर्ण होत नाही. पहिल्या तीन प्रश्नांसाठी जगाने शास्त्रशुद्ध साधने निर्माण केली आहेत. चौथ्याचा वारसा महाराष्ट्राच्या इतिहासात उपलब्ध आहे. त्यास जलनियोजनाच्या हिशेबात स्थान मिळणे अगत्याचे होय.