प्लायवुडच्या कलानं

मी बँकेत छत्तीस वर्षं वाकलो. साहेबापुढे वाकलो, ऑडिटरपुढे वाकलो, आणि लेजरवर तर इतका वाकलो की निवृत्तीच्या समारंभात सरळ उभं राहून हार घालून घेणं जड गेलं. तेव्हा ‘वाकणं’ या विषयात आपल्याला कुणी काही शिकवील, असं मला वाटत नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात लेकीकडे अमेरिकेत गेलो असताना तीन मिलिमीटर जाडीच्या एका प्लायवुडनं माझा हा समज मोडला. म्हणजे आधी प्लायवुड मोडलं. समज मागाहून मोडला.

आमची मीनू मिशिगन राज्यात असते. तिथे माणसं मोटार घरात ठेवतात आणि सामान बाहेर, असं मी ऐकून होतो. मीनूची मोटार मात्र बाहेर आणि गॅरेजमध्ये एक लाकडी सांगाडा. “बाबा, हा कॅम्पर. तुम्ही, आई आणि मी यातून सरोवराच्या काठी जायचं. आत तुम्ही दोघं झोपायचं, मी बाहेर तंबूत.” कॅम्पर म्हणजे मोटारीच्या मागे ओढत न्यायची चाकांवरची खोली. त्यातला हा सगळ्यांत धाकटा प्रकार, ‘टिअरड्रॉप’. पुढे गोल, मागे निमुळता, बाजूनं पाहिलं की अश्रूचा थेंब. आत फक्त अंथरूण, आणि शेपटीकडचं झाकण उचललं की स्वयंपाकघर! 1930च्या दशकात, मंदीच्या दिवसांत, अमेरिकेत हे थेंब रस्त्यावर आले. पुढे कारागिरीच्या मासिकांतून त्यांचे आराखडे येऊ लागले आणि हौशी लोक ते घरच्या घरी बांधू लागले. बऱ्याच थेंबांची रुंदी चार फूट असते. कारण प्लायवुडचा तक्ता चार बाय आठचा मिळतो. माणसाच्या झोपेचं माप तक्त्यानं ठरवलेलं मी प्रथमच पाहिलं. याला अश्रूचं नाव का दिलं असावं, ते मला आठव्या दिवशी कळलं.

या थेंबाचं नाक म्हणजे आठ-नऊ इंच त्रिज्येचं वळण. त्यावर प्लायवुड वाकवून बसवायचं. पहिल्या रविवारी आम्ही सहा मिलिमीटरचा तक्ता घेतला. तो निम्म्या वाटेवर आला आणि फटाक्यासारखा वाजला. मीनू म्हणाली, “हरकत नाही, तीन मिलिमीटरचे दोन आहेत. शनिवारी सावकाश करू. तोवर हात लावू नका हं, बाबा.”

‘हात लावू नका’ हे वाक्य निवृत्त माणसाला ऐकवू नये. मंगळवारी ती कामावर गेली, ही दुपारची लवंडली, आणि मी गॅरेजमध्ये गेलो. तक्ता आठ फूट लांब. तो मधे कापून जोड द्यायचा, असा मीनूचा बेत. मी हिशेब केला की कापला नाही, लांबच्या लांब टाकला, तर एक जोड वाचेल. बँकेत मी आयुष्यभर असंच वाचवत आलो. एक टोक स्क्रूनं पक्कं केलं, दुसऱ्यावर भार दिला. तक्ता निम्मा वाकला आणि अडला. मग मी गुडघा लावला.

आवाज ऐकून ही धावत आली. “अहो, काय पडलं?” काही पडलं नव्हतं. तक्त्याला मधोमध उभा दात विचकल्यासारखा तडा गेला होता.

संध्याकाळी मीनू आली. तिनं आधी माझा हात पाहिला, गुडघा पाहिला, आणि मग तक्ता पाहिला. काही बोलली नाही. ओरडली असती तर मी ओरडून उत्तर दिलं असतं. जेवताना एवढंच म्हणाली, “दुकानात हा माल मागवावा लागतो, तीन आठवडे लागतात.” आमचं परतीचं विमान अडीच आठवड्यांवर होतं. हिनं सगळ्या संसारात जो प्रवास केला तो माझ्या बदल्यांचा. सरोवर पाहायचं म्हणून तिनं नवे बूट घेतले होते, आणि ते खोक्यातून काढून रोज पाहत होती. आता एकच तक्ता उरला होता.

मला ते मौन ओळखीचं वाटलं. मीनूला बारावीनंतर घरांचे नकाशे काढायला शिकायचं होतं. मी तिला कॉमर्सकडे वळवलं होतं. वळवलं कसलं, गुडघाच लावला होता. तेव्हाही ती ओरडली नव्हती. सहा महिने बोलली नव्हती. नंतर गेली ती तिच्याच वाटेनं, पण ते सहा महिने घरात कसा तडा गेला होता ते मला अजून आठवतं.

बुधवार ते शुक्रवार, तिन्ही दुपारी मी तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयात काढल्या. घरात बसायला तोंड नव्हतं, हे खरं कारण. ज्यानं माझी ही अवस्था केली त्याचं कूळ तरी काय ते पाहावं, हे दुसरं.

कूळ फारच जुनं निघालं. इजिप्तमध्ये सक्कारा इथे साडेचार हजार वर्षांहून जुनी एक शवपेटी सापडली, तिच्या बाजू लाकडाच्या सहा पातळ थरांच्या आहेत. एका थराच्या रेषा उभ्या, तर पुढच्याच्या आडव्या. हेच प्लायवुड! लाकूड रेषांच्या दिशेनं बळकट असतं आणि आडवं फुटतं. म्हणून थरांना एकमेकांशी काटकोनात चिकटवायचं, म्हणजे प्रत्येकजण दुसऱ्याला फुटू देत नाही. एकत्र कुटुंबाचं तत्त्व म्हणतात ते हेच असावं. फक्त इथे सरस चांगला लागतो.

वाकवण्याच्या शास्त्रातला मोठा माणूस म्हणजे मिखाएल थोनेट. हा 1796 साली ऱ्हाइनकाठच्या बोप्पार्ड गावी जन्मला आणि 1842 मध्ये व्हिएन्नाला गेला. आधी तो पातळ पट्ट्या सरसात उकळून एकत्र वाकवत असे. पण दमट हवेत सरस सुटे. मग त्यानं अखंड लाकूड वाफेवर नरम करून वाकवायला घेतलं. त्यात एक मेख होती. वाफवलेलं लाकूड दाबलं तर पुष्कळ आकसतं, ताणलं तर जेमतेम शंभरात एक-दोन भाग वाढतं आणि तुटतं. म्हणजे वळणाच्या आतली बाजू सोशीक, बाहेरची मानी. थोनेटनं बाहेरच्या बाजूला लोखंडी पट्टी घट्ट बांधली. ताण सगळा पट्टीनं घ्यायचा, लाकडानं फक्त आत आकसायचं. 1859 साली त्याची चौदा नंबरची खुर्ची आली. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या केल्या तर छत्तीस खुर्च्या एक घनमीटर खोक्यात मावत. हे वाचताना मला एकदम मस्क्याचा वास आला. मुंबईत इराण्याकडे ब्रूनमस्का खाताना ज्या गोल पाठीच्या खुर्चीत मी अर्धी तरुणाई घालवली, ती याच घराण्यातली!

प्लायवुडशी माझी ओळखही तशी जुनीच. आसामचा चहा ज्या प्लायवुडच्या खोक्यांतून यायचा ती रिकामी खोकी माझ्या पिढीतल्या प्रत्येक बदलीवाल्याच्या घरी होती. माझ्या सात बदल्या त्यांतून झाल्या. पातेली त्यांत, पुस्तकं त्यांत, आणि नव्या गावी पोचल्यावर वर चादर टाकली की तीच टीपॉय. कडांना पत्र्याच्या पट्ट्या असत, त्यांनी ओरखडला नाही असा माणूस आमच्या बँकेत नव्हता. पण ती खोकी सरळ होती. त्यांना कुणी वाकायला सांगितलं नव्हतं.

वाकायला सांगणारे निराळे. फिनलंडच्या आल्वार आल्टोनं 1930च्या सुमारास पायमियो इथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम बांधायला घेतलं आणि त्यासाठी वाकवलेल्या प्लायवुडची खुर्ची केली. थंडीच्या देशात लोखंडी नळीपेक्षा लाकूड अंगाला ऊबदार, हा त्याचा विचार. 1933 मध्ये त्यानं स्टुलाचा पाय वाकवला तो तर गमतीनं. अखंड लाकडाच्या टोकाला रेषांच्या दिशेनं करवतीच्या खाचा पाडल्या, खाचांत पातळ फळ्या सरस लावून सारल्या, आणि मग वाकवलं. जाड लाकूड तेवढ्यापुरतं पातळ झालं.

अमेरिकेत चार्ल्स आणि रे ईम्स या नवराबायकोनं 1941 मध्ये लॉस एंजेलिसच्या आपल्या फ्लॅटमध्ये एक यंत्र केलं. प्लास्टरचा साचा, विजेची ऊब, आणि दाब द्यायला सायकलचा पंप! प्लायवुड एका दिशेला वळतं. दोन दिशांना एकदम वळवलं की चुण्या पडतात किंवा फाटतं. यांनी जिथे फाटेल तिथे आधीच फटी ठेवल्या. त्यातून नौदलासाठी मोडलेल्या पायाला बांधायची लाकडी आधारपट्टी झाली. ती दीड लाखांच्या घरात निघाली. फटींतून पट्टा ओवता येई, ही वरकड सोय. हेच दांपत्य 1958 साली भारतात आलं, सरकारसाठी अहवाल लिहिला आणि त्यात सगळ्यांत जास्त कौतुक केलं ते आपल्या लोट्याचं. त्या अहवालातूनच 1961 मध्ये अहमदाबादची डिझाइन संस्था उभी राहिली. आपल्या मोरीतल्या वस्तूची किंमत सांगायला प्लायवुड वाकवणारा माणूस यावा लागला.

आणि विमान! 25 नोव्हेंबर 1940 रोजी इंग्लंडात ‘मॉस्किटो’ नावाचं लाकडी लढाऊ विमान उडालं. प्लायवुड, मधे हलकं बाल्सा, पुन्हा प्लायवुड. साच्यावर उभी दोन अर्धुकं वळवायची आणि शेंगेसारखी मिटवायची. सुरुवातीचा सरस चक्क दुधातल्या प्रथिनाचा! दमट हवेत त्याला बुरशी धरे. पुढे रासायनिक सरस आला. तरी 1944 मध्ये आपल्याकडच्या उकाड्यात काही विमानांचे सांधे सुटलेच. हे मी हिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “दूध आपल्याकडे उन्हाळ्यात टिकतं का कधी?”

शुक्रवारी मला माझा गुन्हा समजला. बाजारातल्या तक्त्याच्या वरच्या थराच्या रेषा सहसा आठ फुटी लांबीच्या दिशेनं जातात. मी नेमक्या त्याच रेषा वाकवायला गेलो होतो. तक्ता कापून काटकोनात फिरवला, रेषा वळणाला आडव्या घेतल्या, की तोच माल चटईसारखा गुंडाळतो. शिवाय जाडी दुप्पट केली की ताठपणा दुप्पट नाही, आठपट होतो. म्हणून सहाचा एक थर वाकवण्यापेक्षा तीनाचे दोन, एकामागून एक वाकवून चिकटवावेत. प्रत्येकाला जोर लागतो तो आठवा हिस्सा.

मीनूचा कापण्याचा बेत होता तो याचसाठी. मला ते विचारायचं सुचलं नव्हतं.

रात्री मी तिला म्हटलं, “मीनू, उद्या तू सांग, मी धरतो.” तिनं माझ्याकडे पाहिलं. “सगळं?” “सगळं,” मी म्हटलं. जरा थांबून म्हटलं, “कॉमर्सचंही चुकलंच होतं.” ती हसली. म्हणाली, “बाबा, ते कापलं, फिरवलं, बसलं केव्हाच.”

शनिवारी शेवटचा तक्ता मधोमध कापला. चार बाय चारचे दोन तुकडे झाले. पहिला फिरवून ठेवला, वर गरम पाण्यात पिळलेले टॉवेल टाकले. वळणावर दोन पट्टे घातले आणि ते दहा-दहा मिनिटांनी एकेक दात आवळत गेलो. मधे चहा झाला. मला तीनदा गुडघा शिवशिवला. हिनं तिन्ही वेळा नुसतं “अहो” म्हटलं. संध्याकाळपर्यंत तक्ता कुरकुरत, पण न चिडता, नाकावर टेकला. रात्रभर तसाच बांधून ठेवला. सकाळी सोडला तेव्हा तो थोडा मागे उसळला. तेवढा उसळतोच. त्याला तेवढा मान ठेवावा लागतो. पूर्ण वाळू दिला, सरस लावला, स्क्रू बसवले. पुढच्या शनिवारी दुसरा थर.

विमानाच्या पाच दिवस आधी आम्ही सरोवरावर पोचलो. नव्या बुटांत वाळू गेली. रात्री पाऊस आला आणि मी डोक्यावरचं ते वळण चाचपत पडलो होतो. एक थेंब आत नाही!

“अहो, जरा सरका की,” ही म्हणाली. चार फुटांत सरकणार कुठे? मी पाय दुमडून घेतले. चाळीस वर्षांच्या संसारात कुठल्या बाजूनं वाकायचं, एवढं तरी कळलेलं असतं.