बेंझिनच्या रिंगवर हवा तो गट हव्या त्या जागी कसा बसवतात?

पनवेल-रोहा रेल्वेमार्गावर रसायनी नावाचं स्टेशन आहे. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीचा मोठा कारखाना इथे होता. नायट्रोबेंझिन, ॲनिलिन अशी रसायनं तिथे बनायची. औषधं, रंग, कीटकनाशकं बनवणाऱ्यांसाठी हा कच्चा माल. २०१७ मध्ये केंद्र सरकारने इथले तोट्यातले प्लांट बंद करायचा निर्णय घेतला. पण तळोजा आणि पाताळगंगा एमआयडीसीमुळे पनवेल परिसराचं केमिस्ट्रीशी नातं आजही कायम आहे.

या रसायनांना 'सब्स्टिट्यूटेड ॲरोमॅटिक' संयुगं म्हणतात. ती बनवतात कशी, आणि त्यात अवघड काय आहे, ते पाहू.

आधी बेसिक: रिंग आणि तिच्या जागा

बेंझिन म्हणजे सहा कार्बनची रिंग, प्रत्येक कार्बनवर एक हायड्रोजन. रिंगमधले सहा पाय इलेक्ट्रॉन कुठल्याही दोन कार्बनमध्ये अडकून न राहता पूर्ण रिंगवर पसरलेले असतात. त्यामुळे रिंग खूप स्थिर असते. ती सहसा तुटत नाही, पण एखादा हायड्रोजन सोडून त्याजागी दुसरा गट घेते. हेच सब्स्टिट्यूशन.

एक गट बसला की उरलेल्या जागांना नावं मिळतात. शेजारची ऑर्थो, एक सोडून पुढची मेटा आणि बरोबर समोरची पॅरा. अणू तेच, संख्या तीच, फक्त जागा वेगळी. तरी ते वेगळं रसायन ठरतं. पॅरासिटामॉलमधला 'पॅरा' हीच जागा सांगतो.

पद्धत १: इलेक्ट्रोफिलिक सब्स्टिट्यूशन

रिंगकडे इलेक्ट्रॉन भरपूर असतात, म्हणून इलेक्ट्रॉनची भूक असलेला कण तिच्यावर हल्ला करतो. नेहमीचे प्रकार असे:

- नायट्रेशन: नायट्रिक आणि सल्फ्युरिक ॲसिडचं मिश्रण वापरून नायट्रो गट बसवणं. बेंझिनसाठी तापमान साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअस ठेवतात. ही रिॲक्शन बरीच उष्णता सोडते, त्यामुळे कूलिंग बंद पडलं तर स्फोटाचा धोका असतो.
- हॅलोजनेशन: फेरिक क्लोराइडसारखा कॅटॅलिस्ट वापरून क्लोरीन किंवा ब्रोमिन बसवणं.
- सल्फोनेशन: तीव्र सल्फ्युरिक ॲसिडने सल्फोनिक गट बसवणं. हा गट नंतर काढताही येतो, म्हणून एखादी जागा तात्पुरती अडवून ठेवायला कामी येतो.
- फ्रीडेल-क्राफ्ट्स: १८७७ पासून माहीत असलेली पद्धत. ॲल्युमिनियम क्लोराइड वापरून रिंगला कार्बनची साखळी जोडतात. थेट अल्काइल गट जोडला तर साखळीची रचना बदलू शकते, शिवाय एकाऐवजी दोन-तीन गटही बसतात. म्हणून बऱ्याचदा आधी असाइल गट जोडून मग त्याचं रिडक्शन करतात.

दुसरा गट कुठे बसणार, हे पहिला ठरवतो

खरी गंमत दुसऱ्या गटापासून सुरू होते. हल्ला झाल्यावर रिंगवर थोडा वेळ धन प्रभार येतो. आधीपासून बसलेला गट तो प्रभार सांभाळून घेतो की आणखी अडचण करतो, यावर नव्या गटाची जागा ठरते.

- हायड्रॉक्सी, अमिनो, मिथॉक्सी, मिथाइल: हे इलेक्ट्रॉन देतात. रिॲक्शनचा वेग वाढवतात आणि नवा गट ऑर्थो किंवा पॅराला पाठवतात.
- नायट्रो, सायनो, कार्बॉक्सिलिक, सल्फोनिक: हे इलेक्ट्रॉन ओढून घेतात. वेग कमी करतात आणि नवा गट मेटाला पाठवतात.
- क्लोरीन, ब्रोमिन: हे दोन्हीकडचे. वेग कमी करतात, पण पाठवतात मात्र ऑर्थो-पॅरालाच.

म्हणजे स्टेप्सचा क्रम बदलला की प्रॉडक्ट बदलतं. कोडमध्ये दोन फंक्शन उलट क्रमाने कॉल केल्यावर वेगळंच उत्तर यावं, तसंच.

उदाहरण: बेंझिन ते पॅरासिटामॉल

कारखान्यात वापरला जाणारा एक मार्ग असा:

१. बेंझिनवर क्लोरीन बसवा. क्लोरोबेंझिन मिळतं.
२. त्याचं नायट्रेशन करा. साधारण दोन तृतीयांश पॅरा आणि एक तृतीयांश ऑर्थो प्रॉडक्ट येतं.
३. दोन्ही वेगळे करा. पॅरा सुमारे ८३ अंशांना वितळतं आणि ऑर्थो सुमारे ३२ अंशांना. त्यामुळे मिश्रण थंड करून पॅराचे स्फटिक काढता येतात. पूर्ण वेगळं करायला डिस्टिलेशनही लागतं.
४. कॉस्टिक सोड्यासोबत दाबाखाली तापवून, नंतर ॲसिड घाला. क्लोरीन जाऊन हायड्रॉक्सी येतो. हे पॅरा-नायट्रोफिनॉल.
५. हायड्रोजनने रिडक्शन करा. पॅरा-अमिनोफिनॉल मिळतं.
६. ॲसेटिक ॲनहायड्राइड घाला. पॅरासिटामॉल तयार.

आता पहिल्या दोन स्टेप्स उलट करून बघा. आधी नायट्रो बसवला तर क्लोरीन मेटाला जातो. मग चौथी स्टेपही अडते, कारण तिथला क्लोरीन सहज निघण्यासाठी नायट्रो गट ऑर्थो किंवा पॅरालाच असावा लागतो. एक क्रम चुकला की पुढचा सगळा मार्ग बंद.

पद्धत २: न्यूक्लिओफिलिक सब्स्टिट्यूशन

वरची चौथी स्टेप याच प्रकारची. इथे हल्ला करणारा कण स्वतः इलेक्ट्रॉन घेऊन येतो आणि क्लोरीनसारख्या गटाला बाहेर ढकलतो. साध्या क्लोरोबेंझिनवर हे करायला ३०० अंशांच्या वर तापमान आणि प्रचंड दाब लागतो. नायट्रो गट योग्य जागी असला की काम बरंच सोपं होतं.

पद्धत ३: डायझोनियम

ॲनिलिनला ० ते ५ अंशांवर सोडियम नायट्राइट आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड दिलं की डायझोनियम सॉल्ट बनतं. त्यातला नायट्रोजन वायू होऊन निघून जायला तयारच असतो, म्हणून त्याच्या जागी क्लोरीन, ब्रोमिन, सायनो, हायड्रॉक्सी असे बरेच गट आणता येतात. कॉपर सॉल्ट वापरून केलेल्या या बदलाला सँडमायर रिॲक्शन म्हणतात, ती १८८४ची. काम झाल्यावर अमिनो गट पूर्ण काढूनही टाकता येतो. म्हणजे दिशा दाखवायला बोलावलेला पाहुणा नंतर घरी पाठवता येतो. कापड रंगवायचे ॲझो रंगही डायझोनियमपासूनच बनतात.

पद्धत ४: क्रॉस-कपलिंग

पॅलॅडियम कॅटॅलिस्ट वापरून दोन रिंग थेट जोडता येतात. जोड नेमकी कुठे होणार हे आधीच ठरलेलं असतं, कारण त्या जागेवर ब्रोमिन किंवा बोरॉनचा गट बसवलेला असतो. या कामासाठी हेक, नेगिशी आणि सुझुकी यांना २०१० चं नोबेल मिळालं. रक्तदाबावरच्या लोसार्टनमधल्या दोन रिंग अशाच जोडता येतात. पॅलॅडियम महाग, त्यामुळे ही पद्धत मुख्यतः महाग प्रॉडक्टसाठी परवडते.

गट झाकून ठेवणं

अमिनो गट ऑर्थो-पॅराला पाठवतो हे खरं, पण ॲनिलिनचं थेट नायट्रेशन केलं तर ॲसिडमुळे अमिनो गटावर प्रोटॉन बसतो आणि जवळपास निम्मं प्रॉडक्ट मेटा येतं. उपाय म्हणजे आधी त्याचं ॲसेटॅनिलाइड करायचं, मग नायट्रेशन आणि शेवटी झाकण काढायचं. दोन स्टेप्स वाढतात, पण मुख्यतः पॅरा मिळतं.

नको असलेला आयसोमर जातो कुठे?

कागदावर आपण पॅरा लिहितो आणि ऑर्थो खोडतो. कारखान्यात तो खोडता येत नाही. पॅरासिटामॉलच्या मार्गात आलेल्या ऑर्थोपासून कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाचा कच्चा माल बनवता येतो. गिऱ्हाईक मिळालं तर ते उपउत्पादन, नाही मिळालं तर कचरा. शिवाय नायट्रेशनचं वापरलेलं ॲसिड आणि फ्रीडेल-क्राफ्ट्समधलं ॲल्युमिनियम यांचीही सोय लावावीच लागते. ती नीट लागली नाही तर काय होतं, हे पनवेलकरांना वेगळं सांगायला नको. तळोजा एमआयडीसीजवळच्या कासाडी नदीच्या प्रदूषणाचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं होतं.

दुसरी बाजू पुरवठ्याची. मार्च २०२० मध्ये कोविडच्या सुरुवातीला भारताने पॅरासिटामॉलच्या निर्यातीवर काही काळ निर्बंध घातले. त्याच वर्षी औषधांच्या कच्च्या मालासाठी आलेल्या पीएलआय योजनेच्या यादीत पॅरा-अमिनोफिनॉलही आहे. म्हणजे आपल्या मार्गातली पाचवी स्टेप.

म्हणून एखादा मार्ग चांगला की वाईट हे ठरवताना तीन प्रश्न विचारा. हवा तो आयसोमर किती टक्के मिळतो? उरलेल्याचं काय होतं? आणि क्रम बदलून किंवा गट झाकून हेच कमी कचऱ्यात जमेल का? परीक्षेत पहिल्या प्रश्नाला मार्क मिळतात, कारखान्याच्या आसपास राहणाऱ्यांना मात्र उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरं हवी असतात.