बहिणाबाईंच्या गाण्यांवर हक्क कोणाचा?

पोस्ट जरा लांब आहे, पण गाणी लिहिणाऱ्या-म्हणणाऱ्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

परवा आपल्याच तालुक्यातला एक गाणारा पोरगा भेटायला आला. त्यानं बहिणाबाईंचं गाणं म्हणून व्हिडिओ टाकला आणि दोन दिवसांत कॉपीराइटची नोटीस आली. तो म्हणे, "भाऊ, बहिणाबाई तर आपल्या जळगावच्या. त्यांच्या गाण्यावर परका माणूस हक्क कसा सांगतो?" प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी थोडं मागे जावं लागतं.

बहिणाबाई चौधरींचा जन्म १८८० चा, असोद्याचा. लग्न होऊन जळगावला आल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर, घरकाम करताना गाणी सुचायची आणि त्या म्हणायच्या. मुलगा सोपानदेव, जे पुढे स्वतः कवी म्हणून नावाजले, त्यांनी आणि एका मावसभावानं जमेल तेवढी गाणी वहीत उतरवून घेतली. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्र्यांनी छापायचा आग्रह धरला, प्रस्तावना लिहिली आणि १९५२ ला 'बहिणाबाईंची गाणी' पुस्तक निघालं. वही कोपऱ्यात पडून राहिली असती तर? आज आपल्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे, त्या आपल्याला माहीतही नसत्या.

आता कायद्याचं. गाणी कागदावर सोपानदेवांनी उतरवली, मग हक्क त्यांचा का? नाही. कर्ता तोच, ज्यानं रचना केली. उतरवून घेणारा लेखनिक. बहिणाबाईंच्या मागे हक्क वारसांकडे गेला, तो वारस म्हणून. लिहून घेतलं म्हणून नव्हे.

हा हक्क किती वर्षं? १९५७ च्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षं होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ ला गेले, म्हणजे त्यांच्या पुस्तकांचा हक्क १९९१ अखेर संपणार होता. तेव्हा सरकारनं मुदत दहा वर्षांनी वाढवली. कारण टागोरांचं होतं, पण फायदा सगळ्यांना झाला. तेव्हापासून मुदत ६० वर्षं. वर्षं मोजायची ती पुढच्या १ जानेवारीपासून.

आपल्या अमळनेरात शिकवणारे साने गुरुजी जून १९५० मध्ये गेले. जुन्या हिशेबानं त्यांचा हक्क २००० अखेर संपला असता, तो २०१० अखेर संपला. म्हणून आज 'श्यामची आई' कोणीही छापू शकतो.

बहिणाबाईंचा हिशेब थोडा वेगळा. पुस्तक मृत्यूनंतर निघालं तर ६० वर्षं मृत्यूपासून नाही, प्रकाशनापासून धरतात. म्हणजे १९५२ च्या पुस्तकातली गाणी २०१२ अखेरपर्यंत राखीव होती. १ जानेवारी २०१३ पासून ती सगळ्यांची झाली. पण त्याच पुस्तकातली अत्र्यांची प्रस्तावना? अत्रे १९६९ ला गेले, म्हणून ती २०२९ अखेरपर्यंत राखीव आहे. एकाच पुस्तकात दोन हिशेब!

मग त्या पोराला नोटीस का आली? खोदून विचारल्यावर कळलं, शब्द बहिणाबाईंचे होते, पण मागचा म्युझिक ट्रॅक एका कंपनीच्या रेकॉर्डिंगचा होता. शब्दांचा हक्क वेगळा, चालीचा वेगळा, रेकॉर्डिंगचा वेगळा. शब्द मोकळे झाले म्हणून बाकीचं मोकळं होत नाही. स्वतः चाल बांधली, स्वतः पेटी वाजवली, तर कोणाच्या बापाची भीती नाही.

आणखी एक. कायदा कल्पनेवर हक्क देत नाही, मांडणीवर देतो. सुप्रीम कोर्टानं १९७८ ला एका नाटक-सिनेमाच्या खटल्यात हे स्पष्ट सांगितलं. सासुरवाशीण, माहेर, विहीर, कपाशीचं शेत यांवर कोणीही लिहावं. पण दुसऱ्याच्या ओळी उचलून खाली आपलं नाव टाकू नये.

आता मला जे खरं टोचतं ते. पैशाचा हक्क संपला म्हणून नाव गाळायची मोकळीक मिळत नाही. आपलं नाव लागणं आणि मजकुराची मोडतोड न होणं, हा कर्त्याचा हक्क कलम ५७ मध्ये वेगळा दिलाय. हक्क विकला तरी तो राहतो, आणि मागे वारसही तो मागू शकतात. आणि आपण काय करतो? बहिणाबाईंची ओळ नाव गाळून स्टेटसला लावतो, नाहीतर कोणाचीही यमकं जुळवलेली कविता त्यांच्या नावावर फॉरवर्ड करतो. दोन्हीकडून त्यांच्यावर अन्यायच.

आज अहिराणी गाण्यांना खान्देशात केवढी मागणी आहे, तुम्ही बघताच. पण गाणी लिहिणारी कितीतरी पोरं दोन-चार हजार घेऊन तोंडी "देऊन टाकलं" म्हणतात. त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं:

नोंदणी केली नाही तरी हक्क लिहिल्या क्षणापासून तुमचा आहे. नोंदणी पुराव्याला कामी येते.

हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी. तोंडी देणं कायद्याला मान्य नाही.

कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. म्हणून सही करण्याआधी "कायमचा" हा शब्द कुठे आहे का ते बघा.

आणि गाणं सुचलं की तारीख टाकून वहीत उतरवा. बहिणाबाईंकडे उतरवून घेणारा सोपानदेव होता. प्रत्येकाच्या घरी असेलच असं नाही.

पटलं तर शेअर करा. नाव ठेवलं तर आनंद आहे.