काल दुखतंय का?

वांकिडीला आमच्या नात्यातले एक कुटुंब आहे. पूर्वीचा आदिलाबाद जिल्हा, २०१६ पासून आसिफाबाद. जरा पुढे गेले की महाराष्ट्रातला राजुरा. कचेरीतून रजा काढून एकदा तिथे गेलो, तेव्हा घरातल्या आजींनी स्वतःचीच गोष्ट सांगितली.

गुडघा धरला म्हणून त्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टर नवे, तेलुगू. विचारले, "कालु नोप्पा?" आजी म्हणाल्या, "काल नव्हे हो, आठ दिवस झाले!" डॉक्टरांना 'कालु नव्हे' एवढेच कळले आणि ते पोट चाचपू लागले. तेलुगूत कालु म्हणजे पाय!

आम्ही पोट धरून हसलो. पण नंतर वाटले, दुखणे सांगता न येणे ही काय हसण्याची गोष्ट आहे?

तेलुगूत 'तल' म्हणजे डोके. मराठी माणसाला त्यात तळ ऐकू येतो, म्हणजे थेट उलटे टोक. गोंडीत 'कन' म्हणजे डोळा, आपला 'कान' निराळा. औषधाचे थेंब कुठे घालायचे ते एका कान्यावर ठरते! 'पोट' मात्र तेलुगूतही 'पोट्ट'. तेवढीच सोय.

निजामाच्या राज्यात कचेरीची भाषा उर्दू होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत राजुरा आदिलाबादेतून मुंबई राज्यात गेला, वांकिडी आंध्र प्रदेशात राहिली आणि २०१४ साली तेलंगणात आली. माणसे जागची हलली नाहीत, सरकारी टेबलापलीकडची भाषा मात्र बदलली. गोंडांचे तर त्याहून कठीण, त्यांची भाषा कुठल्याच कचेरीची नव्हती. १९४० च्या दशकात हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने मार्लवाईला गोंड शिक्षक तयार होऊ लागले, गोंडी वाचनपुस्तके निघाली, आणि तीही देवनागरीत.

ग्रिअर्सनने भाषांच्या पाहणीसाठी जी शब्दयादी वापरली, तिच्यात हात, पाय, नाक, डोळा हे शब्द आरंभीच्या आकड्यांनंतर लवकरच येतात. भाषा ओळखायची तर अवयवांची नावे विचारावीत, कारण ती सहसा उसनी घेतली जात नाहीत. पण हैदराबाद संस्थान त्या पाहणीबाहेरच राहिले.

आम्हा गोंयकारांना हे नवे नाही. आपला 'डोळा' आमच्या कोंकणीत 'दोळो' होतो. १९६१ पर्यंत इथला सरकारी कागद पोर्तुगीज होता आणि त्या भाषेत पोट म्हणजे 'इश्तोमागु'. स्पॅनिश माणसाची जीभ तशीच, इंग्रजी 'स्टमक'च्या आधी तो 'ए' लावतो. तेलुगू माणूस शेवटी 'उ' लावून बसचे 'बस्सु' करतो. ज्याची त्याची जीभ आपले वळण सोडत नाही. असो.

आजींनी यावर उपाय काढला आहे. दवाखान्यात आता त्या आधी दुखऱ्या जागेवर बोट ठेवतात आणि मगच तोंड उघडतात.