एका वॅटची काटकसर



शास्त्रीय शोधांच्या इतिहासांत एक गोष्ट वारंवार प्रत्ययास येते. जी वस्तु दुर्मिळ असते तिच्या वापरांत मनुष्याची बुद्धि जागी राहते. तीच वस्तु स्वस्त होऊन हातीं लागली म्हणजे बुद्धीला डुलकी येऊं लागते. आज मी आपणांपुढें या गोष्टीचा जो दाखला ठेवणार आहें तो ध्वनीच्या क्षेत्रांतला आहे. कांचेच्या व्हॉल्व्हचा एक लहानसा ॲम्प्लिफायर, ज्याची शक्ति अवघी दोन-चार वॅट. आणि त्याला जोडलेला, घरीं बांधलेल्या लांकडी पेटींतला एकच कागदी शंकूचा स्पीकर. जगांतील कांहीं हौशी माणसें आजहि हें जोडकाम मोठ्या निष्ठेनें करीत आहेत. बाजारांत शंभर वॅटचें यंत्र सहज मिळत असतां हे लोक दोन वॅटवर संतुष्ट कां, हा प्रश्न वरवर पाहतां विनोदाचा वाटेल. पण त्याचें उत्तर गेल्या शंभर वर्षांच्या इतिहासांत आहे.

मूळ कल्पना जुनी आहे. चुंबकाच्या क्षेत्रांत तारेचें वेटोळें हलतें ठेवून त्याच्याकडून ध्वनि उत्पन्न करावा, या युक्तीचें पेटंट ऑलिव्हर लॉज यांनीं इंग्लंडांत १८९८ सालींच घेतलें होतें. परंतु तें वेटोळें हलवील असा वाढविलेला विद्युत्प्रवाह देणारें साधन त्या वेळीं नव्हतें. यंत्र सिद्ध आणि त्याला खाद्य नाहीं, अशी स्थिति होती. १९०६ सालीं अमेरिकेंत ली डी फॉरेस्ट यांनीं तीन अग्रांचा व्हॉल्व्ह बनविला, आणि क्षीण प्रवाह वाढविण्याचा मार्ग मोकळा झाला. कॅलिफोर्नियांत जेन्सन आणि प्रिडॅम या दोघां तंत्रज्ञांनीं १९१५ सालीं हलत्या वेटोळ्याला कर्णा जोडून आवाज दूरवर पोहोंचविला. १९१९ सालीं सॅन डिएगो येथें अध्यक्ष विल्सन यांचें भाषण याच साधनानें सुमारें पन्नास हजारांच्या समुदायानें ऐकलें. तरीहि तो आवाज सभेचा होता, घरचा नव्हता. कर्ण्यांतून आलेला शब्द कळे, पण गाणाराचा गळा ओळखूं येण्यास कष्ट पडत.

घरांत बसून ऐकण्याजोगा आवाज दिला तो जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोन संशोधकांनीं. १९२५ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत त्यांनीं दाखवून दिलें कीं, लहान कागदी शंकूला तारेचें वेटोळें चिकटवून तो मोकळेपणें हलूं द्यावा, त्याचें स्वाभाविक कंपन ऐकण्याच्या पट्ट्याच्या तळाशीं ठेवावें, आणि पुढच्या व मागच्या लहरींनीं एकमेकींस मारूं नये म्हणून त्याला फळींत बसवावें. म्हणजे खर्जापासून तारेपर्यंत बहुतेक स्वर सारख्या जोरानें उमटतात. आजचे बहुसंख्य स्पीकर याच तत्त्वावर चालतात. परंतु या गुणाची किंमत होती. असा उघडा शंकु, त्याला दिलेल्या विजेच्या शंभर भागांपैकीं एक-दोन भागांचाच ध्वनि करतो. बाकीची वीज वेटोळ्यांत उष्णता होऊन जाते. कर्णा जोडला तर हें प्रमाण कितीतरी पटींनीं वाढतें, कारण जड पडदा आणि हलकी हवा यांची सांगड कर्णा घालून देतो.

आतां त्या काळची विजेची गरिबी पाहा. आर. सी. ए. कंपनीनें १९३३ सालीं काढलेला २ए३ हा नामांकित व्हॉल्व्ह एकटा वापरला तर साडेतीन वॅट देई. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा १९३८ चा ३००बी सुमारें आठ वॅट देई, आणि मोठे कर्णे जोडून एवढ्यावर लहान चित्रपटगृहें चालत. थोड्या मिळकतीचा गृहस्थ ज्याप्रमाणें पैपैचा हिशेब ठेवतो, त्याप्रमाणें त्या पिढींतील अभियंते वॅटवॅटचा हिशेब ठेवीत. मिळकत वाढविणें हातीं नव्हतें. खर्च शहाणपणानें करणें हातीं होतें.

या काटकसरीचा सर्वांत मोठा आचार्य म्हणजे लंडनचा पॉल व्हॉइट. १९३३ सालीं त्यानें आपली स्वतंत्र कंपनी काढली. त्यानें बलवान चुंबकाच्या फटींत हलकें वेटोळें बसविलें, आणि मोठ्या शंकूच्या पोटांत एक लहान शंकु चिकटविला. नीच स्वरांना दोन्ही शंकु मिळून हलत. उच्च स्वरांना मोठा शंकु स्वस्थ राही आणि लहान एकटाच बोले. एका वेटोळ्याकडून सगळें सप्तक गाववून घेण्याची ही युक्ति आजहि तशीच चालू आहे. १९३४ सालीं त्यानें घरगुती कर्णा काढला, तो खोलीच्या कोपऱ्यांत उभा करावयाचा. म्हणजे भिंती आणि जमीन हींच कर्ण्याचें पुढचें तोंड होत. एका टोंकाला निमुळती होत जाणारी उभी लांकडी नळी, जिला आज 'व्हॉइट पाइप' म्हणतात, तीहि त्याच्याच नांवानें ओळखली जाते. १९५० सालीं तो कॅनडास गेला. पण त्याचे सहकारी डोनाल्ड चेव्ह यांनीं 'लोथर' या नांवानें ती परंपरा पुढें चालविली.

पेटीचें शास्त्रहि याच काळांत घडलें. बेल प्रयोगशाळेंतील आल्बर्ट थुरास यांना १९३२ सालीं मिळालेल्या पेटंटांत बंद पेटीला एक छिद्र ठेवून शंकूची मागची लहर पुढच्या लहरीच्या मदतीस आणण्याची रीति आहे. आणि याच वर्षीं यॉर्कशायरांतील इल्कली गांवीं गिल्बर्ट ब्रिग्ज या गृहस्थानें आपल्या घराच्या तळघरांत स्पीकर बनविण्यास आरंभ केला. तोच पुढें 'व्हार्फडेल' हा प्रसिद्ध उद्योग झाला. पेटीची फळी स्वतः गुणगुणूं नये म्हणून दोन पातळ फळ्यांमध्यें वाळू भरण्याची त्याची तोड कोणत्याहि सुताराला समजण्यासारखी होती. १९४८ सालीं त्यानें स्पीकरांवर जें पुस्तक लिहिलें तें सामान्य वाचकासाठीं होतें. श्रोता हा नुसता ग्राहक नसून कर्ताहि असूं शकतो, अशी या सर्वांची धारणा होती.

मग दिवस पालटले. १९४७ सालीं इंग्लंडच्या 'वायरलेस वर्ल्ड' मासिकांत विल्यमसन यांनीं घरीं बांधण्याजोगा पंधरा वॅटचा ॲम्प्लिफायर प्रसिद्ध केला. अचूकपणाचा तो नवा मानदंड ठरला आणि वॅटची टंचाई ओसरूं लागली. १९५४ सालीं अमेरिकेंत एडगर व्हिल्चर यांनीं बंद पेटींतल्या हवेचीच स्प्रिंग करून शेल्फावर मावेल अशा पेटींतून खोल खर्ज काढून दाखविला. तो शोध अस्सल होता. मात्र त्याला विजेची भूक मोठी होती. पुढें जोसेफ हॉफमन यांनीं या व्यवहाराला एका नियमाचें रूप दिलें: पेटी लहान, खर्ज खोल आणि थोड्या विजेंत मोठा आवाज, या तिहींपैकीं कोणत्याहि दोनच गोष्टी मिळतील, तिसरी सोडावी लागेल. ट्रान्झिस्टरनें वॅट स्वस्त केल्यावर कोणती गोष्ट सोडावयाची याचा निकाल बाजारानें लावला. ती काटकसरच होती.

हा फरक केवढा, तें आंकड्यांनीं सांगतों. जुन्या धाटणीचा एखादा उत्तम एकशंकु स्पीकर एका वॅटनें एक मीटर अंतरावर ९८ डेसिबल आवाज देतो. लहान पेटींतला नवा स्पीकर तितक्याच विजेंत ८८. दहा डेसिबलचें हें अंतर भरून काढावयाचें तर दसपट वीज लागते. म्हणजे पहिल्याला जेथें दोन वॅट पुरतात, तेथें दुसऱ्याला वीस द्यावे लागतात. दोन वॅटवाल्याची भाषा वेडेपणाची नाहीं, तें यावरून ध्यानीं येईल.

ही विद्या जपली ती मुख्यत्वें जपाननें. युद्धानंतर टोकिओच्या अकिहाबारा भागांत रेडिओच्या सुट्या भागांचीं दुकानें दाटीनें उभीं राहिलीं, आणि घरीं जोडणी करणारांचा एक वर्गच तयार झाला. मित्सुबिशीचा 'डायटोन पी-६१०' हा १६ सेंटीमीटर व्यासाचा एकशंकु स्पीकर तेथें घरोघर परिचित होता. तेत्सुओ नागाओका (१९२६–२०००) या समीक्षकानें प्लायवूडच्या फळ्या कापून कोणालाहि बांधतां येतील अशा पुष्कळ पेट्यांचे आराखडे प्रसिद्ध केले. त्यांपैकीं एकीची लांब मान आणि लहान डोकें पाहून तिला 'हंस' हें नांव पडलें. १९७७ सालीं फ्रान्समध्यें निघालेल्या 'लॉडिओफिल' या मासिकांतून झां हिरागा यांनीं हा विचार युरोपांत नेला, आणि १९९० नंतर तो अमेरिकेंत पुन्हा उगवला.

या जोडीचें मर्म समजून घेणें कठीण नाहीं. मनुष्याचा कान सेकंदाला दोन ते चार हजार कंपनांच्या आसपास सर्वांत तीक्ष्ण असतो. शब्दांतील व्यंजनें तेथेंच ओळखूं येतात. खर्ज व तार यांसाठीं निरनिराळे शंकु असलेल्या पुष्कळ पेट्यांत नेमकी तेथेंच वांटणी होते. एकच शंकु असला तर गळा एकसंध राहतो. बलवान चुंबक शंकूला चपळ करतो, पण खर्ज मागें ठेवतो. ती उणीव पेटीनें भरून काढावयाची असते. पन्नास कंपनांच्या खर्जाची लहर सुमारें सात मीटर लांब असते. तिची चौथाई म्हणजे पावणेदोन मीटर. म्हणूनच व्हॉइटची नळी पुरुषभर उंचीची होते. शिवाय व्हॉल्व्हची शंकूवरची पकड ट्रान्झिस्टरपेक्षां सैल असते, त्यामुळें खर्ज किंचित् फुगतो. आणि अशा शंकूला तेवढाच फुगवटा हवा असतो. एकाची उणीव ती दुसऱ्याची सोय, असा हा संसार आहे.

दोषहि सांगितले पाहिजेत. दहा हजार कंपनांची लहर साडेतीन सेंटीमीटरांचीच असल्यामुळें मोठ्या शंकूंतून तार-स्वर सरळ रेषेंत जातात आणि बाजूला बसलेल्यास कमी ऐकूं येतात. चर्चमधील ऑर्गनचा तळचा खर्ज किंवा शंभर वादकांचा कल्लोळ या साधनाला पेलत नाहीं. पेटी जागा अडविते. आणि ॲम्प्लिफायर स्वतः जोडणारानें हें विसरूं नये कीं, व्हॉल्व्हच्या यंत्रांत तीनशें-चारशें व्होल्ट खेळत असतात. बटन बंद केल्यावरहि कंडेन्सरमध्यें प्राणघातक भार साचलेला राहतो. जाणत्याजवळ शिकल्यावांचून त्यांत हात घालूं नये.

हा सर्व इतिहास परदेशचा खरा. पण त्याचें फळ आपण चाखलेलें आहे. १९५५ सालीं १ एप्रिलपासून पुणें केंद्रावरून माडगूळकरांचें आणि सुधीर फडके यांचें गीतरामायण प्रसृत होऊं लागलें, तें महाराष्ट्रानें कशांतून ऐकलें? घरांतल्या व्हॉल्व्हच्या रेडिओंतून. म्हणजे तीन-चार वॅटच्या आंतल्या शक्तींतून, लांकडी पेटींतल्या एका कागदी शंकूंतून. तो आवाज माजघरांत बसलेल्यांना पुरत असे, ओटीवरच्यांनाहि पुरत असे. पुढें खेड्यापाड्यांत कित्येकांनीं सुटा स्पीकर मातीच्या मडक्याच्या तोंडावर बसवून त्याचा खर्ज वाढविला. त्यांनीं थुरासचें नांव ऐकलें नव्हतें. पण पोकळींतली हवा स्वराला साथ देते, हें तंबोऱ्याच्या भोपळ्यानें आपल्याला पूर्वींच शिकविलें होतें.

ते रेडिओ आज माळ्यावर धूळ खात पडले आहेत, किंवा भंगाराच्या भावानें जात आहेत. त्यांतला शंकु फाटलेला नसेल, वेटोळें तुटलेलें नसेल, तर थोड्या विजेंत पुष्कळ बोलणारा असा स्पीकर तयार करण्यास किती बुद्धि खर्चीं पडली आहे, याचा विचार फेंकण्यापूर्वीं व्हावा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या बुधवार पेठेंत सुटे भाग विकणारीं दुकानें आहेत. प्लायवूड कापून देणारे सुतार गांवोगांव आहेत. एखाद्या मुलानें सुटींत एक फळी कापून त्यांत असा शंकु बसविला, तर राइस आणि केलॉग यांनीं जें लिहिलें तें त्याला एका दुपारींत कानानें कळेल.

जुनें तें सर्व सोनें, असें माझें म्हणणें नाहीं. स्वस्त वॅटनीं अनेकांच्या घरीं संगीत पोहोंचविलें, हें उपकार मोठे आहेत. परंतु जी विद्या टंचाईनें शिकविली ती सुबत्तेंत विसरावी, असा कांहीं नियम नाहीं. आवाज मोठा करण्याचे मार्ग दोन: शक्ति वाढविणें, आणि असलेली शक्ति वायां न घालविणें. पहिला मार्ग आपण सर्वांनीं विकत घेतला आहे. दुसरा मार्ग ज्याचा त्याला हातानेंच बांधावा लागतो. आणि तो बांधणारे थोडे लोक अजून आहेत, म्हणूनच तो अद्यापि बुजलेला नाहीं.