अविवाहित पित्याचे दत्तकविधानातील हक्क (अमेरिका)

विवाहाबाहेर जन्मलेल्या अपत्याच्या दत्तकविधानात पित्याला संमती देण्याचा वा बाजू मांडण्याचा असलेला अधिकार. पूर्वी अनेक राज्यांत असा पिता कायद्याच्या लेखी जवळपास परकाच होता. १९७२ मध्ये ‘स्टॅन्ली विरुद्ध इलिनॉय’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की अविवाहित आहे एवढ्यावरून पित्याला सुनावणीविना अपात्र मानता येणार नाही. मात्र नुसते रक्ताचे नातेही पुरेसे नाही, असे १९८३ च्या ‘लेअर विरुद्ध रॉबर्टसन’ निकालाने सांगितले.

न्यूयॉर्कमध्ये संभाव्य पित्यांची नोंदवही होती. एक पोस्टकार्ड धाडले की दत्तकविधानाची नोटीस मिळण्याचा हक्क पदरी पडे. या १९८३ च्या खटल्यातील पिता लेअर याने कार्ड धाडले नव्हते. पण त्याने दुसऱ्या काउंटीत पितृत्वाचा दावा लावला होता आणि दत्तकाच्या हुकमावर सही करणाऱ्या न्यायाधीशाला तो दावा ठाऊक होता. तरीही सहा विरुद्ध तीन मतांनी दत्तक कायम राहिले. मुलाला वर्षानुवर्षे टांगणीवर ठेवू नये, हे नोंदवहीमागचे कारण रास्तच आहे. परंतु ठावठिकाणा नसलेला पिता वेगळा आणि ज्याचा दावा दप्तरी आहे तो वेगळा. त्याने दोन वर्षे जबाबदारी घेतली नाही, हा आक्षेप वजनदार खरा. पण आईनेच मूल दृष्टिआड ठेवले, असे त्याचे म्हणणे होते. यातले खरे काय, हे सुनावणीतच ठरले असते. न्या. व्हाइट यांच्या भिन्नमतपत्रिकेचा रोख असाच आहे. आज निम्म्याहून अधिक राज्यांत अशा नोंदवह्या आहेत.