अंबरखान्याची डागडुजी

किल्ल्यांचा इतिहास सांगताना आपण बुरुज मोजतो, दरवाजे मोजतो आणि कोठारे बहुधा विसरतो. मला हा न्याय उफराटा वाटतो. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्यास घातलेला वेढा शिवाजी महाराजांनी सुमारे चार महिने सोसला. तटाने शत्रूला बाहेर थोपवले हे खरे. पण आतल्या माणसांना जगवले ते कोठारांनी.

पन्हाळा हा नांदता गड. तटाच्या आत आजही गाव आहे आणि गडाच्या मध्यभागी गंगा, यमुना व सरस्वती ही अंबरखान्याची तीन कोठारे उभी आहेत. त्यांत गंगा सर्वांत मोठे. क्षेत्र सुमारे ९५० चौरस मीटर, उंची ३५ फुटांच्या घरात. त्यात २५,००० खंडी धान्य मावत असे, असे सांगतात. दोन बाजूंनी जिने थेट छतावर जातात. ते कशासाठी, हे वर गेल्यावर उलगडते. खाली सोळा खण आहेत आणि प्रत्येक खणाच्या छताला माथ्यावर एक भोक ठेवले आहे. धान्य वाहून वर न्यायचे आणि तिथून खाली ओतायचे.

अशा वास्तूची डागडुजी करणाऱ्याने तिचे हे काम आधी ओळखले पाहिजे. धान्याचा मोठा वैरी ओल, आणि पन्हाळ्याचा पावसाळा सर्वांस ठाऊक आहे. चुना ओल शोषतो व उघडीप मिळताच सोडून देतो; सिमेंट ती आत कोंडते आणि मग शेजारचा दगडच झिजू लागतो. म्हणून येथे चुनाच हवा: नीट विरवलेला, वाळूसह घाणीत मळलेला, गूळ, हिरडा, बेलफळ घातलेला. हे काम वेळ खाते, पैसाही खाते. पण त्याला इलाज नाही. दुसरे असे की, पाऊस आत येतो म्हणून माथ्यावरची भोके बुजवू नयेत. त्यांवर झाकणे बसवावीत. भोक बुजले की कोठार संपले, उरला तो नुसता दिवाणखाना!

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात अंबारखान्यांना आग, उंदीर, मुंगी, वाळवी यांचा उपद्रव पोचू नये, अशी काळजी वाहिलेली आहे. २०२५ साली पन्हाळा जागतिक वारशाच्या यादीत गेला. आता पाहुणे वाढतील. बुरुजांबरोबर त्यांना ह्या कोठारांतही न्यावे. राज्य धान्यावर उभे राहते, हे शिकवायला ह्याहून चांगली शाळा मला तरी दिसत नाही.